तरुण घोडा आणि इव्हेंटिंगची तयारी : वाचकांचे प्रश्न

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने मिळून दिलेल्या तीन परीक्षा. पहिली ड्रेसाजची, म्हणजे नेमून दिलेल्या हालचाली शांतपणे व अचूक करून दाखवण्याची; दुसरी क्रॉस-कंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातले ओंडके, चर, बांध आणि पाणी ओलांडत ठरलेल्या वेळेत पोहोचण्याची; आणि तिसरी शो जंपिंगची, ज्यात मैदानातल्या हलक्या दांड्या न पाडता उड्या घ्यायच्या असतात. घोडदळाच्या घोड्याची पारख करण्यासाठी लष्करात रूढ झालेला हा प्रकार १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये प्रथम खेळला गेला. या विषयावर नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून चार वर्षांपासून घोडेस्वारी शिकत आहे. आम्ही तिच्यासाठी नुकतीच तीन वर्षांची थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घोडी घेतली. शिकवणारे गृहस्थ म्हणतात, की सहा महिन्यांत घोडी एक मीटरची उडी मारू लागेल आणि पुढच्या वर्षी इव्हेंटिंगला उतरवता येईल. हे योग्य आहे का?
— एक पालक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : सहा महिन्यांत एक मीटरची उडी ही घोडी मारूही शकेल, परंतु ती तिला मारू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांची घोडी उंचीने भरलेली दिसते आणि तिथेच आपली फसगत होते. तिच्या गुडघ्यावरच्या हाडाचे वाढीचे टोक साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पक्के झालेले असते, म्हणून पाय तयार वाटतात. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते, आणि स्वाराचे वजन तर नेमके त्याच मणक्यांवर येते. दातांकडे पाहिले तरी हेच कळते. समोरची दातांची जोडी अडीच वर्षांच्या आसपास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. म्हणजे येत्या दीड वर्षात आपल्या घोडीचे पुढचे दोन्ही टप्पे व्हायचे आहेत. त्या काळात हिरड्या हुळहुळत असतात आणि त्याच तोंडात आपण लोखंडी लगाम घालतो. या वयाचा घोडा डोके झटकू लागला किंवा जीभ बाहेर काढू लागला, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी पशुवैद्याकडून त्याचे दात तपासून घ्यावेत. वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे कधीकधी एक छोटा निरुपयोगी दात असतो. तो लगामाला लागत असेल, तर काढून टाकणेच बरे.

याहूनही फसवी गोष्ट म्हणजे दम. नियमित कामाने घोड्याचे हृदय आणि फुफ्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, स्नायू काही महिन्यांत भरतात, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), सांधे आणि हाडे कामाला सरावायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात. घोडा धापा टाकत नाही, उलट आणखी मागतो, म्हणून आपण त्याला आणखी देतो. मी स्वतः ही चूक केली आहे. माझ्याकडे चार वर्षांचा एक तांबडा घोडा होता. तो इतका उत्साही होता, की मी त्याला आठवड्यातून चार दिवस उड्या देत असे. एका सकाळी पुढच्या डाव्या पायाची कंडरा, जिला तबेल्यात शीर म्हणतात, हाताला गरम लागली. किंचितच सूज होती आणि तो लंगडतही नव्हता, म्हणून मी त्या दिवशीही काम घेतले. तो पुढे बरा झाला, मुलांना फिरवून आणण्याइतका चांगला बरा झाला, पण क्रॉस-कंट्री त्याला पुन्हा कधी करता आली नाही. त्या दिवसापासून मोतद्दाराने खरारा करण्याआधी घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवून दोन्ही बाजूंची उष्णता ताडून पाहावी, असा माझ्या तबेल्याचा नियम आहे. तो आपणही पाळावा.

मग करायचे काय? या वर्षी घोडीला माणसाबरोबर शांतपणे चालणे, बांधून उभे राहणे, नालबंदाला चारही पाय देणे आणि ‘चल’, ‘थांब’, ‘मागे’ हे शब्द ओळखणे शिकवावे. लांब दोरीवर गोल फिरवायचे असल्यास वर्तुळ वीस मीटरच्या आसपास मोठे असावे आणि दोन्ही दिशांना मिळून पंधरा मिनिटांत काम संपवावे, कारण लहान वर्तुळात सांध्यांवर तिरका ताण येतो. त्यानंतर दोन लांब लगाम धरून तिच्या मागे चालत तिला जगात न्यावे: ट्रॅक्टर, ताडपत्री, बँड, शाळा सुटल्याची गर्दी हे सगळे तिने पाठीवर ओझे नसताना पाहिलेले बरे. पाठीवर बसण्याची सवय वर्षाच्या अखेरीस हलक्या आणि जाणत्या स्वाराने लावावी; आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-वीस मिनिटे पुरेत, आणि त्यानंतर घोडीला दोन महिने मोकळे सोडावे. ही विश्रांती वाया जात नाही. सुट्टीनंतर परतलेला तरुण घोडा आधी न उमगलेली गोष्ट सहज करून दाखवतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चौथ्या वर्षी मुरमाड टेकड्यांवरून चढ-उताराची लांब रपेट, सरळ रेषेतली दुडकी, जमिनीवर ठेवलेल्या दांड्या. दुडकीसाठी दोन दांड्यांमध्ये सुमारे १.३ मीटर अंतर ठेवावे आणि घोडीचे पाऊल पाहून ते थोडे कमी-जास्त करावे. वर्षाच्या उत्तरार्धात साठ सेंटिमीटरपर्यंतच्या लहान उड्या आठवड्यातून एकदाच घ्याव्यात. उडी मारण्याची ताकद घोडा जन्मतः घेऊन येतो. आपण शिकवायची ती उडीपूर्वीची लय आणि उडीनंतरचा तोल, आणि या दोन्ही गोष्टी लहान उंचीवरच शिकता येतात. स्पर्धेचा विचार पाचव्या वर्षी, तोही सर्वांत खालच्या गटात.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. शिकाऊ स्वार आणि शिकाऊ घोडा ही जोडी एकमेकांना फक्त भीतीच शिकवते. आपल्या मुलीला इव्हेंटिंगची आवड असेल, तर तिला या दोन वर्षांत एखाद्या बारा-पंधरा वर्षांच्या अनुभवी घोड्यावर शिकू द्यावे, आणि या घोडीचे पायाभूत शिक्षण जाणत्या माणसाच्या हाती ठेवून मुलीने त्यात रोज हातभार लावावा. घोडी पाच वर्षांची होईल तेव्हा मुलगी सोळा वर्षांची असेल, आणि तेव्हा दोघींनाही घाई राहिलेली नसेल.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये भारताचे स्वार फौआद मिर्झा तेविसावे आले असे वाचले, पण गुण कसे मोजतात ते कळले नाही. कमी गुण चांगले असतात का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : होय, इव्हेंटिंगमध्ये दंडगुण मोजतात आणि ज्याचे सर्वांत कमी तो पहिला. ड्रेसाजमधल्या प्रत्येक हालचालीला परीक्षक ० ते १० गुण देतात, त्यांची टक्केवारी काढतात आणि ती १०० मधून वजा करतात. मिर्झा आणि त्यांचा घोडा सेन्यॉर मेडिकॉट यांचे ड्रेसाजनंतर २८.०० दंडगुण होते, म्हणजे परीक्षकांच्या मते त्यांचे काम ७२ टक्के उतरले. क्रॉस-कंट्रीत घोड्याने अडथळा एकदा नाकारला की २०, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा नाकारला की आणखी ४०, आणि नेमून दिलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ असा दंड बसतो. घोडा किंवा स्वार पडल्यास जोडी बाद होते. त्यांनी एकही अडथळा चुकवला नाही, वेळेचे ११.२० तेवढे जोडले गेले. शो जंपिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांडीला ४ असतात. पहिल्या फेरीतल्या ८ दंडगुणांसह बेरीज ४७.२० झाली आणि ते पहिल्या पंचविसांत राहून अंतिम फेरीत गेले; तिथल्या १२.४० नंतर एकूण ५९.६० वर ते तेविसावे आले.

या आकड्यांकडे पाहताना घोड्याचे वयही लक्षात घ्यावे. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्याच साथीने मिर्झा यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत वैयक्तिक रौप्य मिळवले आणि भारतीय संघालाही रौप्य मिळाले. इव्हेंटिंगमधील आपली सर्वांत मोठी कामगिरी १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतली, जिथे रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि संघानेही सुवर्ण मिळवले. ऑलिंपिकमध्ये मिर्झा यांच्याआधी १९९६ साली अटलांटात इंद्रजित लांबा आणि २००० साली सिडनीत मुंबईचे इम्तियाझ अनीस उतरले होते. सिडनीनंतर टोकियोपर्यंत एकही भारतीय स्वार ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगमध्ये नव्हता.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतून सात वर्षांचा काठियावाडी घोडा आणला. तो उत्तम नाचतो. ड्रेसाज म्हणजेही घोड्याचे नाचच ना? मग याला इव्हेंटिंगमध्ये उतरवता येईल का?
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : तापीकाठच्या त्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, मीही अनेकदा घोडे पाहत हिंडलो आहे. तिथे गिऱ्हाईक आधी अंगावरच्या केसांचे भोवरे पाहते, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, घोडा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला) आहे का याची चौकशी करते आणि पायांकडे सर्वांत शेवटी पाहते. आपल्या घोड्याचे भोवरे शुभ असतील तर आनंदच आहे, पण इव्हेंटिंगसाठी त्याचे खूर, पायांची सरळता आणि पाठ एखाद्या पशुवैद्याला दाखवून घ्यावी.

ड्रेसाज आणि नाच दुरून सारखे दिसतात, आतून मात्र ते परस्परविरुद्ध आहेत. वरातीतला घोडा मान ताठ वर करून, पाठ खाली दाबून, ढोलाच्या आवाजाने आणि लगामाच्या खेचीने आलेल्या तणावावर पाय उचलतो. ड्रेसाजमध्ये पहिली अपेक्षा असते ती न बदलणाऱ्या लयीची, दुसरी अंगातल्या सैलपणाची आणि तिसरी स्वाराच्या हाताशी असलेल्या हलक्या, विश्वासाच्या संपर्काची. मागच्या पायांचा जोर, शरीराची सरळता आणि शेवटी सगळा भार मागे पेलून घेण्याची क्षमता हे पुढचे टप्पे आहेत. आपला घोडा शेवटच्या टप्प्यासारखे काहीतरी करून दाखवतो. पहिले दोन टप्पे त्याला कोणी शिकवलेलेच नसावेत.

तरीही मी आपल्याला नाही म्हणणार नाही. काठियावाडी घोडा चिवट, काटक आणि चलाख असतो, उन्हाला सहज पेलतो आणि सात वर्षे हे शिकण्याचे चांगले वय आहे. त्याच्या तोंडातला काटेरी लगाम आजच काढावा आणि साधी, गुळगुळीत, मधोमध जोड असलेली कडी घालावी. पहिले तीन महिने फक्त लांब पावलांची चाल, लगाम सैल सोडून, मान खाली ताणू देत. तो सुरुवातीला आवाजाशिवाय, ढोलाशिवाय काय करावे हे न कळून जागच्या जागी थयथय करील. त्याला रागावू नये, पुढे चालत राहावे. द्राक्षबागेतून मात्र नेऊ नये. मांडवाच्या तारा आणि त्यांचे ताण घोड्याला नीट दिसत नाहीत आणि घाबरलेला घोडा तारेत अडकला, तर काय होते ते मी पाहिले आहे. शेताचे कमी उंचीचे बांध आणि कोरड्या चाऱ्या (पाण्याचे छोटे पाट) ही मात्र आपल्याकडची मोठी संपत्ती आहे: बांधावर चढणे, उतरणे, कोरडी चारी चालत ओलांडणे ही क्रॉस-कंट्रीची बाराखडीच आहे. स्वाराचे आणि खोगिराचे मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक असू नये, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात. लहान चणीच्या घोड्यासाठी ती काटेकोर पाळावी. आपले वजन जास्त असेल, तर स्वार दुसरा निवडावा.

प्रश्न : माझ्याकडे शर्यतींतून निवृत्त झालेली सहा वर्षांची घोडी आहे. उडी सुंदर मारते, पण अडथळा दिसला की सुसाट धावत सुटते. जितके खेचावे तितका वेग वाढतो. आणि पाण्यात पाऊल ठेवत नाही.
— एक स्वार, देवळाली कॅम्प

उत्तर : घोडी आज्ञाधारक आहे, फक्त तिला दुसरी भाषा शिकवली गेली आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामावर रेलून धावायला शिकवतात. हाताचा ताण म्हणजे ‘आणखी वेगाने’ असा त्याचा अर्थ त्याच्या मनात बसलेला असतो. स्वाराच्या पायाचा इशारा त्याने फारसा अनुभवलेला नसतो, कारण जॉकी रिकिबी आखूड ठेवून वर उचलून बसतो. मुंबई आणि पुण्याच्या शर्यती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतात, त्यामुळे असा घोडा पुष्कळदा उजवीकडे सहज आणि डावीकडे लाकडासारखा वळतो. म्हणून दोन महिने उड्या पूर्ण थांबवाव्यात. या काळात बसण्याचा जोर थोडा मागे घेऊन, श्वास सोडून थांबणे; पायाच्या हलक्या दाबाने बाजूला सरकणे; डावीकडची मोठी वर्तुळे, एवढेच करावे. मग दुडकीत जमिनीवरच्या दांड्या, त्यानंतर दांड्यांच्या शेवटी एक छोटी उडी, आणि उडीनंतर लगेच चालीवर येऊन लगाम सैल सोडणे. उड्यांसाठीच्या संथ, लयबद्ध धावेत घोड्याचे एक पाऊल साधारण ३.६ मीटरचे असते. दोन अडथळ्यांमधले अंतर पावलांनी मोजून ठेवायची सवय आपण लावून घेतली, तर घोडी का घाई करते याचे निम्मे उत्तर जमिनीवरच सापडेल. शर्यतीतून आलेल्या घोड्यांना पोटात व्रण असण्याचे प्रमाणही बरेच असते. खोगिराचा पट्टा आवळताना ती कान मागे टाकत असेल किंवा दाणा अर्धवट टाकत असेल, तर पशुवैद्याला दाखवावे आणि तिच्यापुढे वैरण दिवसभर राहील असे पाहावे.

पाण्याबाबत घाई केल्यास कायमचे नुकसान होते. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही; आपण म्हणतो म्हणून तो त्यात पाय ठेवतो, आणि एकदा पाय रुतला की आपल्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. पाऊस पडून गेल्यावर मुरमाच्या रस्त्यावर साचलेल्या घोटाभर पाण्यातून, पाण्याला सरावलेल्या घोड्याच्या मागोमाग, चालीने सुरुवात करावी. त्यानंतर दारणेच्या पात्रात, तळ कठीण आणि पाणी उथळ असेल अशा जागी न्यावे. आधी स्वतः चालून तळ तपासावा, आणि धरणांतून विसर्ग चालू असेल त्या दिवसांत नदीत पाऊलही टाकू नये. ती काठावर थांबली तर थांबू द्यावे, पाण्याचा वास घेऊ द्यावा, फक्त मागे वळू देऊ नये. अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. चाबकाने आत गेलेला घोडा पुढच्या वेळी काठ दिसायच्या आधीच थांबतो.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात इतका पाऊस असतो, की चार महिने काम बंद ठेवावे लागते. तरुण घोड्याचे यात नुकसान होते का?
— एक वाचक, इगतपुरी

उत्तर : उडी आणि धाव बंद ठेवावी, चाल बंद ठेवू नये. चिखलात कंडरा दुखावते, निसरड्यावर घसरलेला घोडा उडीवर विश्वास ठेवत नाही; पण पाण्याचा निचरा होणाऱ्या मुरमाच्या किंवा डांबरी रस्त्यावर रोज तासभर चालवल्याने पाय उलट कणखर होतात. काम कमी झाले, की दाणा त्याच दिवशी कमी करावा आणि वैरण वाढवावी, नाहीतर पोटशुळाचा आणि स्नायू आखडण्याचा धोका असतो. खूर रोज खरवडून कोरडे करावेत. तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग काळपट पडून त्याला घाण वास येऊ लागला, तर नालबंदाला लगेच बोलवावे. या दिवसांत चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो, म्हणून अधूनमधून ताप, खंगत जाणे किंवा पोटाखाली सूज दिसल्यास रक्ततपासणीला उशीर करू नये. घोड्याचे तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस आणि विश्रांतीतले हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. तरुण घोड्याचे हे दोन आकडे पावसाळाभर वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे ऑक्टोबरात जमीन वाळून काम पुन्हा सुरू होईल, तेव्हा त्याचा नेहमीचा आकडा कोणता हे आपल्याला ठाऊक असेल. पहिले सहा आठवडे चाल आणि दुडकीच ठेवावी, धाव त्यानंतर.